बाळाची काचेची बाटली: वजन सोडलं तर घेण्यासारखी

वरचं दूध सुरू करायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती, गरम दूध प्लास्टिकला लागता कामा नये. बोरोसिलिकेट काचेची ही २४० मिलीची बाटली त्या अटीत बसली.

त्याआधी भेट आलेली एक प्लास्टिकची बाटली घरात होती. वर ठळक अक्षरांत ‘बीपीए-फ्री’, म्हणजे काही प्लास्टिकमध्ये असणारं बिस्फेनॉल-ए हे रसायन यात नाही. मग प्लास्टिक कोणतं? ते ना खोक्यावर, ना बाटलीच्या बुडाला. कंपनीला विचारलं तर ‘पूर्णपणे सुरक्षित आहे’ एवढंच कळवलं. याला उत्तर म्हणत नाहीत. बीपीए काढून त्याच्या जागी बीपीएस हे त्याचंच भावंड रसायन वापरता येतं, आणि दोघांची घडण इतकी जवळची की बीपीएसारखंच तेही इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) रिसेप्टरला, म्हणजे पेशीत त्याचा इशारा घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं.

‘प्लास्टिकमधून दुधात उतरून उतरून किती उतरणार?’ असं घरात मला ऐकवलं गेलं. पण इस्ट्रोजेनसारखं संप्रेरक रक्तात मोजतात तेच मुळी पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. शरीराला एवढासा इशारा पुरतो. बीपीए खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा पुष्कळ दुबळं आहे आणि बरंचसं दिवसभरात लघवीवाटे निघूनही जातं, हे मान्य. तरी दर दुधाबरोबर ते नव्याने पोटात जात राहिलं तर? पिणाऱ्याचा तर मेंदू अजून घडतोय. युरोपने बाळांच्या बाटल्यांत बीपीए २०११ मध्येच बंद केलं आणि २०२३ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा थेट २०,००० पटींनी खाली आणली.

आता बाटलीविषयी. तोंड रुंद, त्यामुळे ब्रश बुडापर्यंत पोचतो आणि उकळून घेतली की दुधाचा वास अजिबात राहत नाही. प्लास्टिकसारखे चरे पडत नाहीत. निपल सिलिकॉनचं आहे. रिंग आणि झाकण पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं, तसं खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, हे मला फार आवडलं. दूध कोमट करताना मी ती दोन्ही काढूनच ठेवते.

भरलेली बाटली मात्र चांगलीच जड होते. बाळाला स्वतः धरता येत नाही, मोठ्यांनीच धरावी लागते. सोबतचं सिलिकॉनचं कव्हर पकडीला बरं, पण फरशीवर पडली तर ते वाचवेल याची खात्री धरू नका.

कंपनीला एकच सांगणं: मिलीच्या खुणा बाहेरून छापल्या आहेत, त्या घासून फिकट व्हायला लागल्यात. पुढच्या वेळी त्या काचेतच उठवून द्या.