लाकडी आकाशपाळण्याचं किट: महिनाभरानंतरचा अनुभव

आधीच सांगते की मी मॉडेलवाली नाही, याआधी कधी असलं काही जोडलेलं नाही. हे किट घेतलं ते एकाच कारणासाठी, डब्यावरच्या फोटोतला पाळणा आमच्या लहानपणच्या मैदानातल्या पाळण्यासारखा दिसत होता. आठच पाळणे, दोन्ही बाजूंना तिरके खांब, आणि उघड्या खुर्च्या. मोठ्या पार्कात असतात तसे काचेचे बंद डबे नाहीत, समोर फक्त एक आडवा दांडा, तोच धरून बसायचं.

किट म्हणजे ३ मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या, त्यात लेझरने कापलेले तुकडे, हाताने ढकलून सुटे करायचे आणि खाचेत खाच बसवायची, गोंद लागत नाही. चाक फिरवायला एका बाजूला हँडल आणि दुसऱ्या बाजूला रबरबँडची मोटर, हवं ते लावा. मला दोन शनिवार-रविवार लागले, सगळे मिळून नऊएक तास. सवय असलेल्या माणसाला पाच-सहा पुरतील. डब्यावर वय चौदा लिहिलंय ते बरोबर आहे कारण बारीक खुंट्या बोटात मोडतात, माझ्या तीन मोडल्या, जास्तीच्या चारच दिल्यात.

जोडणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं, गिअरच्या दात्यांना मेण लावा. सूचनापत्रात हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे आणि तेच सगळ्यात मोठं हवं होतं. साधी मेणबत्ती प्रत्येक दात्यावर दोन्ही बाजूंनी घासायची, आणि कडा आधी बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या पण आसाच्या भोकाला हात लावायचा नाही, ते भोक जरा जरी मोठं झालं तरी चाक डुगडुगतं. पाळणे लावायच्या आधी नुसतं चाक फिरवून बघा. माझं आधी अडखळत होतं, मेणानंतर एका फुंकरीने अर्धा फेरा जायला लागलं. हवेत ओल असेल तर लाकूड फुगतं आणि दाते पुन्हा घट्ट होतात, त्यामुळे मॉडेल खिडकीत ठेवू नका.

रबरबँडची मोटर मला आवडली नाही. सुरुवातीला चाक भर्रकन पळतं आणि मग मरगळतं, खरा पाळणा कधी असा फिरत नाही. हँडल लावा, त्यात मजा आहे.

आता तक्रार. आठ खुर्च्यांपैकी एका खुर्चीची बाजूची पट्टी डब्यात नव्हतीच. पट्टीवर कापलेली जागा रिकामी, म्हणजे कारखान्यातच राहिली असणार. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर यायला अकरा दिवस लागले, मग तुकडा आला. अकरा दिवस माझा पाळणा सात खुर्च्यांचा होता, आणि हा रिव्ह्यू मी लिहितेय तो खरं तर त्या अकरा दिवसांमुळेच.

झालं असं की सात खुर्च्या लावल्या, चाक फिरवलं, सोडलं, तर ते गोल फिरत हळूहळू थांबायच्या ऐवजी मागेपुढे झुललं आणि मग थांबलं. परत फिरवलं, परत तसंच. जोरात, हळू, उलटं, कसंही फिरवलं तरी शेवटी एकच खुर्ची तळाला. रिकाम्या जागेच्या बरोबर समोरची. विचार केला तर सोपं आहे, एका बाजूला वजन कमी झालं की समोरची बाजू जड होते आणि जड बाजू खाली येऊनच थांबते, पण मी हातात ते लाकडी चाक धरून बराच वेळ तशीच बसले होते कारण हे मी आधी बघितलेलं होतं.

आमचं मैदान एका वर्षी सुरूच झालं नाही. त्याआधी ते दर सुट्टीत असायचं, पाळणा, घोड्यांचं चक्र, टक्कर मारायच्या गाड्या, भोंग्यावर गाणी, संध्याकाळी दिवे लागले की आम्ही घरातून पळत सुटायचो. बंद पडल्यावर घोडे नेले, गाड्या नेल्या, गाड्यांच्या शेडचा नुसता पत्रा राहिला आणि घोड्यांच्या चक्राचा मधला खांब, वर आडवे वाकडे दांडे असलेला. ते दांडे बघून मला पहिल्यांदा कळलं की घोडे वरखाली कशामुळे होतात, वरचा वाकडा दांडा फिरतो आणि त्याला टांगलेला घोडा त्याच्याबरोबर चढतो-उतरतो. चालू असताना ते दिसायचं नाही, घोड्याच्या मानेकडेच लक्ष असायचं. पाळणा मात्र जागेवर राहिला. त्याची मोटर काढून नेली होती आणि चाकाच्या कडेवरून जाणारी तारेची दोरीपण, त्यामुळे चाक मोकळं होतं, वाऱ्याने कुरकुरत थोडं हलायचं. सात नंबरची खुर्ची कुणीतरी काढून नेली होती. आणि तळाला कायम तीन नंबर.

मी आणि माझा धाकटा भाऊ कुंपणाच्या फटीतून आत जायचो. गवत गुडघ्यापर्यंत. तीन नंबरवर बसायचो, पाय टेकवून जरा मागे ढकलायचो, चाक हात-दोन हात वर जायचं आणि परत खाली यायचं. भावाचं म्हणणं होतं की पाळणा आपल्याला ओळखतो, म्हणून आपली खुर्ची खाली आणून ठेवतो. मी मोठी होते पण मलाही तसंच वाटायचं. तेव्हा आम्हाला कोणी सात नंबरकडे बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, माहीत नाही.

बंद पडलेल्या पाळण्यांचे फोटो मी पुढे खूप बघितले. बर्लिनचा स्प्रीपार्क, १९६९ साली पूर्व बर्लिनमधे उघडला आणि २००१ नंतर बंद पडला, तिथलं ४५ मीटरचं चाक बंद पडल्यावरही वाऱ्याने फिरायचं. युक्रेनमधल्या प्रिप्यात शहरातला पिवळ्या डब्यांचा पाळणा तर सगळ्यांनी बघितलाय, तो पार्क १ मे १९८६ ला सुरू व्हायचा होता आणि २६ एप्रिलला शेजारची चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्या फोटोपाशी मी थांबते ती वेगळ्या कारणाने, तिथल्या मुलांच्या वाट्याला ते मैदान धड आलंच नाही, आम्हाला निदान दिवे लागलेलं बघायला मिळालं.

तर परत किटकडे. सात खुर्च्यांचं चाक नीट फिरेना म्हणून मी व्हिएन्नाच्या पाळण्याची युक्ती केली. तो १८९७ चा, आधी ३० डबे होते, १९४४ मधे युद्धात जळला, आणि १९४७ ला परत सुरू झाला तो सुरक्षेसाठी १५ डब्यांवर, एकाआड एक. मीपण रिकाम्या जागेपासून एकाआड एक खुर्ची काढली, चार राहिल्या, समोरासमोर. चाक लगेच लोण्यासारखं फिरायला लागलं, सोडलं की कुठेही थांबायचं. कुणाच्या किटमधे तुकडा कमी आला तर वाट बघताना हे करून बघा.

मग मी त्या चार खुर्च्यांवर नट-बोल्टमधले छोटे नट ठेवून बघत बसले. एकीत दोन नट आणि समोरचीत काही नाही, की हँडल एका बाजूला हाताला जड लागतं आणि दुसऱ्या बाजूला आपोआप निसटतं. समोर दोन ठेवले की सरळ. इथे मला पाळणेवाला आठवला. आमच्या पाळणेवाल्याचा मला लहानपणी भयंकर राग होता. तो मला आणि भावाला कधी एकत्र बसू द्यायचा नाही. रांगेतल्या सगळ्यांकडे एकदा बघायचा, मग 'तू ये, तू थांब', एक खुर्ची भरली की शेजारची भरायच्या ऐवजी चाक अर्धं फिरवून समोरची भरायचा, मग पाव, मग परत अर्धं. मला एका कुणाबरोबर बसवायचा आणि भावाला बरोबर समोरच्या टोकाला. मी वर असले की तो खाली. आम्ही दोघं आसाच्या उंचीवर आलो की भाऊ मान वळवून मला शोधायचा, कारण खुर्च्यांची तोंडं एकाच दिशेला. मी एकदा आईकडे रडून तक्रार केली होती की पाळणेवाला हे मुद्दाम करतो.

मुद्दामच करायचा. नजरेने वजनं जुळवायचा, काटा नाही, कागद नाही, चाक भरायच्या आत कोण कुणासमोर ते ठरलेलं. शिकागोला १८९३ च्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने बांधलेला पहिला मोठा पाळणा २६४ फुटांचा होता, ३६ डबे, एकेकात ६० माणसं, १००० अश्वशक्तीची वाफेची इंजिनं, त्यालासुद्धा पहिल्या फेऱ्यात माणसं चढवायला सहा वेळा थांबावं लागायचं. आमच्याकडे एक माणूस, एक छोटी मोटर आणि एक लिव्हर. भरताना आपण वर अडकून राहायचो, ती थांबलेली दोन मिनिटं मला सगळ्या फेरीपेक्षा जास्त आवडायची, आणि ती त्याच्या त्या हिशोबामुळे मिळत होती. हे त्याला सांगायला हवं होतं.

किट घ्यावं का? ज्यांना शोकेससाठी पटकन काही हवंय त्यांनी घेऊ नका, वेळ जातो आणि हात दुखतो. मुलांबरोबर करणार असाल तर नक्की घ्या पण डबा उघडल्याबरोबर सगळे तुकडे यादीशी ताडून बघा. आणि नट ठेवायचा खेळ नक्की करा, तो सूचनापत्रात कुठेच नाही. माझ्याकडून चार स्टार, एक कापला तो अकरा दिवसांचा.

आलेला तुकडा मी अजून बसवलेला नाही. खुर्च्या परत सातच लावल्यात. गेल्या रविवारी भाऊ आला होता, त्याला मी काही सांगितलं नाही, त्याने येताजाता चाकाला टिचकी मारली, ते फिरलं, झुललं, थांबलं. त्याने परत टिचकी मारली. मग वाकून तळाच्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "ताई, तीन नंबर ना गं?" मी अजून एकाही खुर्चीवर नंबर घातलेला नव्हता.