खोकी एकदम बनवायची, पण ठेवायची कुणाकडे?

तुमच्यासमोर दोन कोटेशनं आहेत. एकात पाच हजार खोक्यांचा दर आहे, दुसऱ्यात वीस हजारांचा. दुसऱ्याखाली एक जास्तीची ओळ आहे: माल आमच्या गोदामात ठेवू, लागेल तसा उचला. दर पाहिला की हात आपसूक दुसऱ्या कागदाकडे जातो. मीही एकदा असाच हात पुढे करून सही केली होती. पॅकिंगच्या खरेदीचं काम मी बरीच वर्षं करतोय. स्वतःच्या गोदामात साठा केलाय, बनवणाऱ्याकडे ठेवून उचललाय आणि थोडा-थोडाही छापून घेतलाय. तिन्हीकडे पैसे वाचले आणि तिन्हीकडे गेलेही. आज ज्याला ठरवायचंय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी दराचं बघू, कारण सगळी भूल तिथेच पडते. छापील खोक्याला छपाईची प्लेट लागते, पुठ्ठा आकारात कापायची डाय लागते, मशीन लावायला वेळ जातो, आणि रंग जुळेपर्यंतचा पुठ्ठा वाया जातो. प्लेट आणि डाय पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात, पण मशीन लावणं दर वेळी नव्याने. हा खर्च हजार खोक्यांना तेवढाच आणि वीस हजारांनाही तेवढाच. समजा, एका खोक्याचा कागद-मजुरीचा खर्च १ आणि मशीन लावण्याचा खर्च ८०० खोक्यांइतका आहे. मग हजारांच्या लॉटमध्ये खोकं १.८० ला पडतं, पाच हजारांत १.१६ ला, वीस हजारांत १.०४ ला. म्हणजे खरी बचत पहिल्या पाच हजारांतच होऊन जाते. पुढच्या पंधरा हजारांनी मिळतं ते ०.१२. आणि वीस हजारांतल्या दर नऊ खोक्यांमधलं एक जरी रद्दीत गेलं, तर वापरलेलं प्रत्येक खोकं १.१७ ला पडतं. पाच हजारांचा लॉट त्यापेक्षा स्वस्त होता.

तुमच्या बॉक्सवाल्याचे आकडे वेगळे असतील, पण आकार हाच राहील: आधी झपकन उतरणारा आणि मग जवळजवळ सपाट. त्याच्याकडून दोनच दर घेऊ नका, चार घ्या. दर कुठे सपाट होतो ते कागदावर दिसलं की अर्धा निर्णय झाला. एका लॉटमध्ये किती मागवावं याचं गणित फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्येच मांडलं. त्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे, योग्य आकड्याच्या दुप्पट मागवलं तरी लॉट लावण्याचा आणि साठवणुकीचा मिळून खर्च २५ टक्केच वाढतो. आकडा अचूक काढण्यात जीव घालवायची गरज नाही. पण त्या गणितात माल जुना होत नाही, बाद होत नाही, हे धरलेलं असतं. छापील पॅकिंगच्या बाबतीत नेमकं तेच धरता येत नाही.

स्वतःच्या गोदामात ठेवायचं तर

याचा मोठा फायदा म्हणजे माल डोळ्यांसमोर असतो. संध्याकाळी अचानक मोठी ऑर्डर आली तर कुणाला फोन करावा लागत नाही. वाहतूक एकदाच, गाडी भरून. जागा आधीपासून असेल, रिकामी असेल आणि कोरडी असेल तर दुसरं काही शोधूच नका.

पण जागेचा अंदाज लोक फार कमी धरतात. सी फ्लूटचा (फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या मधला नागमोडी कागद, सी हे त्याचं एक माप) तीन प्लायचा, म्हणजे तीन कागदांचा, पुठ्ठा साधारण ४ मिलिमीटर जाड असतो. घडी घातलेलं खोकं म्हणजे त्याचे दोन थर, ८ मिलिमीटर. वीस हजार खोकी एकावर एक रचली तर १६० मीटर उंची होते. एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, दीड-दीड मीटरच्या दोन थप्प्या बसत असतील, तर पन्नासाहून जास्त पॅलेट लागतात. पॅलेटवर पॅलेट चढवलं तरी १२०० बाय १००० मिलिमीटरच्या मापाने बत्तीस चौरस मीटर जमीन जाते, तीही मधली वाट न धरता. पाच प्लाय असेल तर जवळजवळ दुप्पट. ही जागा तुम्ही तयार माल ठेवायला किंवा काम करायला वापरू शकला असता, हे भाड्याच्या पावतीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरं, पुठ्ठा हवेतला ओलावा पितो. कागदाच्या चाचण्यांसाठीची प्रमाण हवा २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता अशी ठरलेली आहे. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की खोक्याची दाब सोसायची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. आमच्याकडे एका दमट हंगामानंतर भिंतीला टेकलेल्या थप्पीतला तळचा गठ्ठा मी स्वतः उघडला होता. पट्टीने बांधलेल्या कडेला फ्लूट चेपून कागदासारखी पातळ झाली होती. खोकं उभं केलं तर एक कोपरा तिरका, झाकणाच्या दोन पाळ्या मधे भेटेनात, आणि टेप लावली की एका बाजूने सुटायची. हाताने पॅक करणारा माणूस ते दाबून बसवतो. मशीनवर मात्र असं वाकलेलं खोकं अडकतं आणि लाइन थांबते. गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि आधी आलेला लॉट आधी काढा. ऐकायला साधं आहे, पण नवा गठ्ठा नेहमी पुढे येतो आणि जुना मागे दबतो.

बनवणाऱ्याकडे ठेवून उचलायचं तर

कॉल-ऑफ म्हणतात ती ही पद्धत. वर्षाचा आकडा ठरवायचा, एक-दोन लॉटमध्ये सगळं बनवून घ्यायचं, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला लागेल तेवढी उचल करायची. नवा लॉट बनायला आठवडे लागतात, पण बनून पडलेला माल एक-दोन दिवसांत दारात येतो. मोठ्या लॉटचा दर मिळतो, जागा अडत नाही, आणि बिल उचलीवर होत असेल तर भांडवलही अडकत नाही. वापर ठरलेला असलेल्या धंद्याला माझ्या अनुभवात यापेक्षा चांगली सोय नाही. मी आजही आमच्या मुख्य दोन मापांसाठी हेच करतो.

मात्र हे नीट समजून घ्या: त्याच्या गोदामात माल राहतो, जोखीम राहत नाही. ती करारातल्या शेवटच्या दोन-तीन कलमांतून फिरून तुमच्याकडेच येते. पहिल्या करारात मी दर वाचला होता, ती कलमं वाचली नव्हती.

झालं असं. साठा पाच हजारांखाली गेला की पुढचा लॉट आपोआप छापायचा, असं आम्ही ठरवलं होतं. दरम्यान आमच्याकडे आतल्या मालाचं वजन बदललं आणि खोक्यावरची एक ओळ बदलणार हे नक्की झालं. डिझाइनवाल्यांना कळलं, उत्पादनाला कळलं, बॉक्सवाल्याला कुणी कळवलंच नाही. आकडा खाली गेला आणि त्याने ठरल्याप्रमाणे जुन्या ओळीचा नवा लॉट छापून ठेवला. चूक त्याची नव्हती. करारात लिहिलं होतं की बनल्यापासून बारा महिन्यांत जे उचललं जाणार नाही, त्याचं बिल होईल. एका ओळीवर पांढरं स्टिकर चिकटवत आम्ही ती खोकी कित्येक आठवडे वापरली. उरलेली रद्दीत गेली. तेव्हापासून नव्या लॉटला माझा लेखी होकार लागतो, आकडा कितीही खाली गेलेला असो.

म्हणून दराआधी हे विचारा. बिल कधी होणार, माल बनल्यावर की उचलल्यावर? बनल्यावर होणार असेल तर पैसे तुमचे, माल तुमचा, पण पडलाय दुसऱ्याच्या छपराखाली. आग लागली, पाणी शिरलं, तो धंदाच बंद पडला तर काय? विम्यात तुमच्या मालाचा उल्लेख आहे का? आयएफआरएस १५ या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा व्यवहाराला अटी घातल्या आहेत. माल विकणाऱ्याकडे ठेवण्यामागे खरं कारण हवं, तो तुमचा म्हणून वेगळा ओळखता यायला हवा, हवा तेव्हा देण्यासाठी तयार हवा, आणि विकणाऱ्याला तो दुसऱ्या कुणाला देता येता कामा नये. या अटी हिशेबनिसासाठी लिहिलेल्या आहेत, पण खरेदीवाल्याने त्या जशाच्या तशा करारात घालाव्यात इतक्या चांगल्या आहेत.

मग मुदत. सहा महिने की बारा? मुदत संपल्यावर पूर्ण बिल, की आधी गोदामभाडं आणि मग बिल? छपाईत मागणीपेक्षा थोडा कमी-जास्त माल निघतोच, दहा टक्क्यांपर्यंत सोडण्याची रीत आहे. तो जास्तीचा माल घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे का? कागदाचा भाव वर्षभर चढला-उतरला तर दर हलणार का? सगळा माल एकदमच बनलेला असेल तर त्याचा कागद जुन्याच भावात आलाय, तेव्हा त्या लॉटचा दर हलायचं कारण नाही, हे शांतपणे सांगता येतं. आणि एका उचलीत कमीत कमी किती? खोक्यांच्या गाडीत वजनापेक्षा जागाच जास्त भरते. रोज दोन-दोन गठ्ठे मागवलेत तर दरातली बचत भाड्यात निघून जाईल. आम्ही पूर्ण पॅलेटच्या खाली उचल करत नाही, आणि दोन दिवस पुरेल इतका माल कायम आमच्याकडे ठेवतो.

सही करण्याआधी त्याचं गोदाम बघून या. ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नका, आत जा. पॅलेटवर नाव, लॉट आणि तारखेची चिठ्ठी आहे का, मागचं पॅलेट काढायला पुढची किती हलवावी लागतात, छत गळतं का, शेजारी वासाचं रसायन ठेवलंय का, हे बघा. पुठ्ठा वास धरतो, आणि आत खाण्याचा पदार्थ जाणार असेल तर तो वास ग्राहकाच्या घरापर्यंत जातो.

थोडं-थोडं छापून घ्यायचं तर

डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, त्यामुळे दोनशे खोकीसुद्धा छापता येतात आणि पुढच्या दोनशेंवर मजकूर बदलता येतो. नगाचा दर जास्त असतो आणि संख्या वाढवली तरी फारसा उतरत नाही. नवं उत्पादन, सणापुरता माल, अजून न ठरलेलं डिझाइन, यांच्यासाठी हा जास्तीचा दर मी डोळे मिटून देईन. तो दर म्हणजे रद्दीचा विमाच आहे. एक अडचण मात्र खरी आहे: प्रत्येक वेळी बनायची वाट बघावी लागते, आणि बॉक्सवाल्याकडे गर्दी असली की छोट्या लॉटचा नंबर शेवटी लागतो.

त्रयस्थ गोदामात ठेवण्याची चौथी वाटही आहे. तुमचे पुरवठादार तीन-चार असतील आणि सगळ्यांचा माल एकाच गाडीत हवा असेल तरच तिचा विचार करा. एरवी चढ-उताराचा एक खर्च वाढतो आणि जबाबदार माणूस एकाऐवजी दोन होतात.

पॅकिंग कोणतं आहे, यानेही उत्तर बदलतं. साधं, बिनछापील खोकं बाद होत नाही, ते बिनधास्त मोठ्या लॉटमध्ये घ्या. चिकटवून घडी घातलेली छोटी कार्टनं फार दिवस दाबून राहिली की घडी बसते आणि मशीनवर पटकन उघडत नाहीत. ती सहा महिन्यांच्या आत संपतील एवढीच बनवा. मागे गोंद असलेली लेबलं २०-२२ अंश आणि मध्यम आर्द्रतेत साधारण दोन वर्षं टिकतात, उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली तेवढी नाही. छपाईसाठी प्लास्टिक फिल्मच्या पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया काळाने उतरत जाते, म्हणून कोरी फिल्म साठवून नंतर छापू म्हणणं महागात पडतं. आणि मातीत विरघळावं म्हणून बनवलेलं पॅकिंग वर्षानुवर्षं ठेवायचा विचारच करू नका.

माझं मत विचाराल तर आधी मागच्या बारा महिन्यांची प्रत्येक मापाची उचल काढा आणि शेजारी लिहा की त्या काळात छपाई किती वेळा बदलली. वापर महिन्यागणिक सारखा आणि छपाई वर्षभर तीच असेल, तर बनवणाऱ्याकडे ठेवा, पण एका वेळी चार-सहा महिन्यांचाच लॉट छापू द्या. वापर सारखा पण मजकूर सतत बदलणारा असेल, तर फक्त नाव-चिन्ह असलेलं खोकं मोठ्या लॉटमध्ये घ्या आणि बदलणारा मजकूर लेबलवर न्या. आमचं निम्मं नुकसान या एका बदलाने थांबलं. वापरच वर-खाली होत असेल तर कुठलाही वार्षिक करार करू नका. चांगल्या महिन्यात वाचवलेलं वाईट महिन्यात बिलाच्या रूपाने परत येतं.

करार झालाच, तर दर सोमवारी त्याच्याकडून एक कागद मागवा: किती बनलं, किती उचललं, किती उरलं, आणि उरलेल्यातला सगळ्यात जुना लॉट कुठल्या तारखेचा. आमच्याकडे तो कागद आता डिझाइनवाल्यांच्या टेबलावरही जातो. खोक्यावरची ओळ बदलायची असेल, तर उरलेला आकडा बघूनच ते तारीख ठरवतात.