पुण्यात कामाला गेल्यावर रेशनकार्ड: गावचंच ठेवावं की बदलून घ्यावं?
विदर्भातल्या धारणी, पांढरकवड्याकडून पुण्याला गेलेलं कुटुंब कापूस वेचायला परत येणार असेल, तर कार्ड गावचंच ठेवावं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे प्राधान्य कुटुंबाचं माणशी 5 किलो धान्य पुण्यातल्या दुकानातही मिळतं, थोडं तिथं उचला, उरलेलं गावात म्हातारे आईबाप उचलतील. त्यासाठी प्रत्येकाचा आधार जोडलेला आणि ई-केवायसी झालेली हवी. विटा-सिमेंटच्या कामानं बोटं झिजली की मशीन अंगठा घेत नाही. तेव्हा कार्डातल्या दुसऱ्या कुणाचं बोट लावावं.

कार्ड बदलायचं तर गावच्या कार्डातून नाव कमी करा, मग पुण्याचा पत्त्याचा पुरावा द्या. घरमालक भाडेकरार करून देत नाही, गाडं तिथंच अडतं. त्यात तिथला इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरलेला असला, तर जुनं गेलं आणि नवंही हाती नाही. पोरं तिथल्याच शाळेत घातली असतील, तरच हा खटाटोप करावा.