बॉब डनची स्टील गिटार शोधताना: दोन फुकट खजिने, काही महिन्यांच्या वापरानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. जुन्या बँडमधल्या एखाद्या साथीदाराची रेकॉर्डिंग्ज शोधायची असतील, तर दोन जागा सध्या सगळ्यात कामाच्या आहेत. एक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा ग्रंथालयाची 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' ही सूची. दुसरी, 'इंटरनेट आर्काइव्ह'वरचा ७८ आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या तबकड्यांचा साठा. दोन्ही फुकट, आणि दोन्हींना धीर लागतो. पैसे भरून घेतलेल्या गाण्याच्या ॲपने या कामात मला जवळजवळ काहीच दिलं नाही.

मी ज्याच्या मागे लागले तो बॉब डन. १९०८ साली ओक्लाहोमात जन्मला, टेक्सासात वाजवलं, १९७१ साली ह्यूस्टनमध्ये वारला. फोर्ट वर्थच्या मिल्टन ब्राऊनच्या 'म्युझिकल ब्राउनीज' या बँडचा तो स्टील गिटारवादक. हा ब्राऊन आणि पुढे फार मोठं नाव झालेला बॉब विल्स, दोघे मूळचे एकाच चमूतले. पिठाच्या गिरणीची जाहिरात करायला रेडिओवर गायचे आणि १९३२ साली व्हिक्टर कंपनीसाठी त्यांनी एकत्र ध्वनिमुद्रणही केलं. मग वाटा वेगळ्या झाल्या. गावाकडचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि शहरातलं जॅझ एकत्र करून नाचायला लावणारं जे संगीत या दोघांनी उभं केलं, त्याला नंतर वेस्टर्न स्विंग हे नाव पडलं.

डन १९३४च्या अखेरीला ब्राउनीजमध्ये आला आणि जानेवारी १९३५मध्ये शिकागोला डेक्का कंपनीच्या माइकसमोर बसला. अमेरिकी कंट्री संगीताच्या तबकडीवर विजेवर चालणारं वाद्य पहिल्यांदा उमटलं ते या सेशनमध्ये, असं मानलं जातं. मार्च १९३६मध्ये न्यू ऑर्लीन्सला दुसरा मोठा सेशन झाला. एप्रिलमध्ये मोटार अपघातानंतर काही दिवसांतच ब्राऊन गेला, वय अवघं ३२. म्हणजे ब्राउनीजबरोबरचा डन शोधायचा तर जागा दोनच: शिकागो १९३५ आणि न्यू ऑर्लीन्स १९३६. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं.

स्टील गिटार म्हणजे आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो तीच. आडवी ठेवायची, तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. आपल्याकडे व्हॅन शिप्लेंनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना याच वाद्यावर वाजवल्या आणि त्या घरोघर पोचल्या. तो आवाज कानात असणाऱ्याला डन पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. लांब, ओघळणारी मींड इथे फार नाही. तुकड्यातुकड्यांनी, ठोसा मारल्यासारखे सूर येतात, मध्येच एक खरबरीत घसरण, पुन्हा ठोसा. डन ट्रॉम्बोन, म्हणजे नळी सरकवून फुंकायचं पितळी वाद्यही वाजवायचा, ते इथे ऐकू येतं. वाद्य म्हणाल तर साधी लाकडी मार्टिन गिटार, तारा उंच करून घेतलेल्या, वर तारांचं कंपन विजेत उतरवणारा पिकअप बसवलेला आणि तो एका ॲम्प्लिफायरला जोडलेला. रिकनबॅकरची ॲल्युमिनियमची स्टील गिटार १९३२पासून बाजारात होती, पण याने आपला जुगाडच चालवला. आवाजातला तो किंचित फाटकेपणा त्या जुगाडाचाच असावा, असं मला वाटतं.

आता शोधाबद्दल. अडचण ही की साथीदाराचं नाव तबकडीवर नसतंच. आपल्याला यात नवल वाटू नये. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. मग मागे बसलेल्या वादकांना कोण विचारतो! ॲपमध्ये 'बॉब डन' टाकलं की भलतेच बॉब आणि भलतेच डन येतात. 'मिल्टन ब्राऊन' टाकलं तर संकलनं येतात, ज्यांच्यावर साल म्हणून संकलन निघालं ते साल असतं. १९३४ची गाणी, १९३५ची गाणी, सगळा काला. १९३४मध्ये ब्राउनीजनी सॅन अँटोनियोला ब्लूबर्ड लेबलसाठी जे केलं त्यात डन नाहीच. त्यातलं गाणं लावून 'कुठे आहे स्टील?' म्हणत बसायचं, हे कोणाच्याही बाबतीत होणार, कारण ॲपला संकलनाचं साल आणि ध्वनिमुद्रणाचं साल यांतला फरकच कळत नाही.

सांता बार्बराची सूची नेमकं हेच सोडवते. तिथे गाण्यापेक्षा मॅट्रिक्स क्रमांक महत्त्वाचा. मॅट्रिक्स म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या मेणाच्या तबकडीला दिलेला क्रमांक. दुकानात विकताना लेबलवर छापलेला क्रमांक वेगळा. एकाच दिवशी केलेल्या गाण्यांचे मॅट्रिक्स सहसा ओळीने येतात, मग ती गाणी वर्षभर वेगवेगळ्या तबकड्यांवर विखरून का निघेनात. डेक्काच्या शिकागोच्या मॅट्रिक्सआधी 'सी' अक्षर असतं. मी ब्राऊनच्या पानावरून एक नोंद उघडली, तारीख आणि गाव बघितलं, आणि मग त्याच तारखेच्या सगळ्या नोंदी काढल्या. एका बैठकीत शिकागोचं सगळं बाड समोर आलं. त्यातच 'टेकिंग ऑफ' ही डनची स्वतःची, गाण्याविना नुसत्या वाद्यांची चीज. डन ऐकायला सुरुवात करायची तर इथूनच करा.

दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. बँडचं नाव एकसारखं नसतं. कुठे 'म्युझिकल ब्राउनीज', कुठे नुसतं 'ब्राउनीज'. पुढे डन क्लिफ ब्रुनरकडे गेला, तिथे कधी 'टेक्सास वाँडरर्स', कधी 'ब्रुनर आणि त्याची पोरं' असा मामला. त्यामुळे बँडच्या नावाने शोधण्यापेक्षा प्रमुखाच्या आडनावाने शोधणं बरं. दुसरं, वादकांची नावं प्रत्येक नोंदीत मिळतीलच असं नाही. त्या काळी कंपनीच्या वहीत प्रमुखाचं नाव लिहिलं की काम झालं. साथीदारांची नावं बऱ्याच वेळा दशकांनंतर म्हाताऱ्या वादकांना विचारून गोळा केली गेली. तेव्हा सूची तुम्हाला खोलीच्या दारापर्यंत नेते; आत कोण बसलंय हे कानाने ओळखायचं.

ओळखायची एक खूण मला फार उपयोगी पडली. १९३५च्या सेशनला फिडलवर सेसिल ब्रोअर. १९३६ला ब्रोअरच्या जोडीला हाच क्लिफ ब्रुनर आलेला. स्टील आहे आणि दोन फिडल्स एकमेकांच्या गळ्यात गळा घालून वाजताहेत, तर बहुधा न्यू ऑर्लीन्स. नंतरच्या ब्रुनरच्या तबकड्यांत पियानोवर मून मलिकन असतो, त्याचा हात ब्राउनीजच्या फ्रेड कॅल्हूनपेक्षा जड आणि मोकाट. एकदा हे तिघेचौघे ओळखीचे झाले की लेबल न बघता साल सांगता येतं.

सूचीतून क्रमांक घ्यायचा आणि आर्काइव्हवर ऐकायचं, असा माझा क्रम. तिथे 'ग्रेट ७८ प्रोजेक्ट'मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉर्ज ब्लड यांच्या कंपनीने तबकड्यांच्या लाखो बाजू उतरवून ठेवल्या आहेत. गंमत अशी की एकाच वेळी चार वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून तबकडी वाजवतात आणि चारही आवाज जपून ठेवतात. का? कारण तबकडीची खोबण वर्षानुवर्षं एका ठरावीक उंचीवर झिजलेली असते. थोडी बारीक सुई खाली, न झिजलेल्या जागी टेकते. थोडी जाड वर टेकते. इंजिनिअरला आवडलेली आवृत्ती साध्या नावाने वर ठेवलेली असते आणि नव्याण्णव टक्के लोक तीच ऐकतात. पण मी डाउनलोडच्या यादीत जाऊन बाकीच्याही ऐकल्या. एका बाजूत गाणाऱ्यासाठी उत्तम असलेल्या आवृत्तीत डनचे ठोसे बोथट होते. दुसऱ्या सुईच्या आवृत्तीत खरखर जास्त, पण कांडी तारेला लागते तो 'टक्' स्वच्छ ऐकू येत होता. गिटार शोधणाऱ्याने खरखरीला घाबरू नये. साफसूफ केलेल्या आवृत्त्यांत खरखरीबरोबर हा 'टक्'ही झाडून नेलेला असतो.

वेगाचा प्रश्न मात्र खरा डोकेदुखीचा. हे मुख्यतः हौशी लोकांनी इकडेतिकडे चढवलेल्या रेकॉर्डिंग्जबद्दल. ७८ म्हणतात, पण त्या काळात तबकडी कोरताना वेग थोडा मागेपुढे व्हायचा, आणि वाजवणाऱ्याचं यंत्रही आपल्या मर्जीचं. मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणं जवळजवळ एका पूर्ण पट्टीने सरकतं, काळी तीनचं पांढरी पाच होतं. ॲम्प्लिफायरच्या करामतीला अनैसर्गिक उंच, किरट्या आवाजाची जोड मिळते आणि आपण 'वा, काय वेगळा टोन' म्हणत बसतो. माझा उपाय घरगुती आहे. पेटी काढायची. फिडलवाल्यांच्या आवडत्या पट्ट्या ठरलेल्या: पांढरी एक, दोन, पाच, सहा. मोकळ्या तारा तिथे सापडतात म्हणून. गाणं यातल्या एखाद्या सुराला टेकलं तर ठीक. दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर वेग चुकलेला. मग संगणकावर 'ऑडॅसिटी' हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन वेग बदलायचा. नुसती पट्टी बदलू नका, वेगच बदला, म्हणजे दोन्ही एकत्र जागेवर येतात. आधी आपली पेटी ४४०ला (पांढरी सहा ४४० हर्ट्झ, हा आजचा प्रमाण सूर) लावलेली आहे ना, ते पाहून घ्या; जुन्या पेट्या थोड्या चढ्या असतात.

मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुना सीडी संच मागवला. तो सांगता सोय नाही. खोक्यात दुसऱ्याच बँडची तबकडी, आतल्या माहितीपत्रकाची पानं गायब, आणि परत घ्यायला नकार. टपालखर्चासकट जे गेलं त्यात चांगला हेडफोन आला असता, आणि या कामाला हेडफोनच जास्त लागतो. मोबाईलच्या स्पीकरवर डनचा खालचा सूर ऐकूच येत नाही.

तुलनेसाठी लिऑन मॅकऑलिफ घ्या. बॉब विल्सच्या 'टेक्सास प्लेबॉइज'चा स्टील गिटारवादक, १९३५मध्ये तिथे आला तेव्हा १८ वर्षांचा. त्याला शोधणं म्हणजे रस्त्यात उभ्या माणसाला शोधणं, कारण विल्स चालू गाण्यात त्याला नावाने हाक मारतो. त्याची १९३६ची 'स्टील गिटार रॅग' कुठेही मिळते. पण सूचीत मागे मागे गेलात तर सिल्व्हेस्टर वीव्हर या केंटकीच्या कृष्णवर्णीय गिटारवादकाची १९२३ची 'गिटार रॅग' सापडते, आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर धून कुठून आली हे विचारायची गरज राहत नाही. माझ्या मते ही दोन तबकड्यांची जोडी या साठ्यातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास आहे. पाठ्यपुस्तकी इतिहासात वीव्हरचं नाव बारीक टाइपात असतं.

हक्कांचा भाग थोडक्यात. अमेरिकी कायद्यानुसार वीव्हरची १९२३ची तबकडी १ जानेवारी २०२४पासून मुक्त आहे. डनची १९३५ची मात्र १ जानेवारी २०३६ला होईल. अमेरिकी डेक्काचा साठा आता युनिव्हर्सलच्या ताब्यात आहे. २०२३मध्ये मोठ्या कंपन्यांनी आर्काइव्हवर याच ७८च्या प्रकल्पावरून दावा लावला, २०२५मध्ये तडजोड झाली. त्यामुळे आज दिसलेली बाजू उद्या तिथे असेलच असं धरून चालू नका. ऐकण्याच्या नोंदी स्वतःकडे लिहून ठेवा. मॅट्रिक्स क्रमांक हाताशी असला की दुसरीकडे शोधता येतं. सूचीतल्या नोंदी मात्र नुसती माहिती आहेत, त्यांना या भांडणाची झळ नाही.

अजून जे पुरतं हाती लागलेलं नाही ते डनचं १९३९चं स्वतःच्या नावाचं काम. 'बॉब डन्स व्हॅगाबाँड्स' या नावाने ह्यूस्टनला डेक्कासाठी केलेलं. निदान इथे तरी त्याचं नाव लेबलवर आहे, त्यामुळे सूचीत एका शोधात नोंदी दिसतात, पण ऐकायला मिळणाऱ्या बाजू थोड्या आणि त्याही दमलेल्या तबकड्यांवरच्या. पुढे त्याने वाजवणं मागे टाकून ह्यूस्टनमध्ये वाद्यांचं दुकान टाकलं.

सुरुवात करणाऱ्यांना एक कामाची गोष्ट: उतरवून घेतलेल्या फाइलला गाण्याचं नाव देऊ नका. मी 'साल-महिना, गाव, कंपनी, मॅट्रिक्स, सुई' या क्रमाने नाव देते आणि गाण्याचं नाव शेवटी टाकते. म्हणजे फोल्डर उघडलं की फाइली आपोआप सेशनप्रमाणे लागतात, एकाच गाण्याच्या दोन सुयांच्या आवृत्त्या शेजारी येतात, आणि वेग दुरुस्त केलेल्या फाइलीच्या नावात 'वेग' एवढा शब्द जोडला की मूळ फाइल कुठली हे कळतं. मूळ फाइल पुसू नका.