हीथ्रो ते स्किपोल: हवेत पाऊण तास, बाकीचा वेळ जमिनीवर

अंतर सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर लंडन हीथ्रो आणि अ‍ॅम्स्टरडॅम स्किपोल ही नावं टाका, उत्तर येतं साधारण 370 किलोमीटर, म्हणजे 200 सागरी मैल. आकडा बरोबर आहे. त्याच्याखाली दिलेल्या वेळेवर मात्र विसंबू नका. यातल्या बऱ्याच साइट अंतराला ताशी 800 किलोमीटरने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास धरतात. 28 अधिक 30, झाली 58 मिनिटं. तिकिटावर हेच उड्डाण सव्वा तास ते 1 तास 25 मिनिटांचं असतं.

कारण वेळापत्रकातली वेळ विमान स्टँडवरून हललं की सुरू होते आणि दुसऱ्या स्टँडवर उभं राहिलं की संपते. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणाआधी रांग ठरलेली. स्किपोलला सहा आहेत, पण 2003 मध्ये सुरू झालेली पोल्डरबान टर्मिनलपासून फार लांब आहे. आसपास वस्ती कमी, आवाजाचा त्रास कमी, म्हणून तिला पसंती. दक्षिणेचा वारा असला की विमान बहुधा तिथेच उतरतं आणि मग ए5 महामार्गावरच्या पुलावरून रांगत टर्मिनल गाठायला पंधराएक मिनिटं घेतं. खिडकीतून खाली मोटारी दिसतात! पुढचं विमान पकडायचं असेल तर ही पंधरा मिनिटं हिशेबात धराच. परतीच्या वाटेवर गर्दीच्या वेळी लंडनच्या ईशान्येला, लॅम्बोर्नच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

तिकीट वाचताना हमखास होणारी चूक घड्याळाची. नेदरलँड्स ब्रिटनच्या वर्षभर एक तास पुढे. 10:00 ला निघून 12:20 ला पोहोचणं म्हणजे प्रवास 1 तास 20 मिनिटांचाच.

नेदरलँड्सच्या केएलएम या विमानकंपनीची विमानं हीथ्रोच्या टर्मिनल 4 वरून सुटतात. एलिझाबेथ आणि पिकॅडिली या दोन्ही लाइनच्या सगळ्याच गाड्या तिथे जात नाहीत, काही टर्मिनल 5 कडे वळतात. डब्यात शिरण्याआधी फलक वाचा.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा नेदरलँड्समध्ये चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) वेगळा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असेल आणि अ‍ॅम्स्टरडॅमहून लंडनला जाऊन परत यायचं ठरवलं असेल, तर परतीचा प्रवेश मिळणार नाही. मुंबईहून स्किपोलमार्गे एकाच तिकिटावर लंडनला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांना शेंगेन हद्दीत शिरावंच लागत नाही. या मार्गाचा खरा उपयोग अशा जोडप्रवासालाच आहे.

नुसतं एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं असेल तर माझं मत युरोस्टारच्या बाजूने. सेंट पँक्रास ते अ‍ॅम्स्टरडॅम सेंट्रल थेट गाडी सुमारे चार तास घेते आणि शेंगेनची तपासणी लंडनलाच उरकते. विमानतळ गाठणं, दोन तास आधी पोहोचणं, उतरल्यावर पासपोर्टची रांग हे सगळं धरलं तर विमानालाही पाच तास लागतात.

विमानानेच गेलात तर स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे, सेंट्रल 15 ते 17 मिनिटांवर. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टॅप करा. उतरताना राहिलं तर भाड्यापेक्षा जास्त रक्कम कापली जाते.