सत्कार, उद्घाटन, मुंज : पत्रिकेवर इंग्रजी शब्द कोणता छापायचा?

कार्यक्रमपत्रिकेची मराठी बाजू एका बैठकीत लिहून होते. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत, आभारप्रदर्शन असे शब्द ओळीने हजर असतात. घोडं अडतं ते इंग्रजी बाजूला. ओळखीतल्या संस्थांच्या आणि घरच्या कार्यांच्या पत्रिका मी तपासून देते, तेव्हा दरवेळी तेच दोन-तीन शब्द समोरासमोर उभे राहतात आणि त्यातला एक निवडावा लागतो. आधी एवढंच ठरवा, की पत्रिका वाचणार कोण.

सत्काराला आपण सर्रास 'फेलिसिटेशन' म्हणतो. शब्दाचं मूळ लॅटिन 'फेलिक्स', म्हणजे सुखी, भाग्यवान. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ अभिनंदन, आणि तोही जुन्या वळणाचा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ हा अर्थ त्याला इथे आपण दिला. त्यामुळे 'फेलिसिटेशन ऑफ टीचर्स' वाचून पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे शाल येते, पण न्यू जर्सीत वाढलेल्या नातवाला नेमकं काय होणार ते कळत नाही. शब्द चुकीचा मुळीच नाही, तो भारतीय इंग्रजीचा आहे. पाहुणे इथलेच असतील तर खुशाल ठेवा. पत्रिका परदेशी जाणार असेल तर 'इन ऑनर ऑफ' लिहा. 'अवॉर्ड' मात्र पुरस्कारासाठी निवड झाली असेल तरच वापरा. निवृत्त होणाऱ्या बाईंना आपण काही जिंकून देत नसतो, त्यांचं ऋण मान्य करत असतो. त्या प्रसंगाला 'अवॉर्ड फंक्शन' म्हटलेलं मला खरोखर लागतं.

याच घरातला तिसरा शब्द 'इन्व्हेस्टिचर'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वस्त्र चढवणं, म्हणजे शाल पांघरण्याच्या सर्वांत जवळचा. तरी तो सत्काराला चालणार नाही. पद किंवा अधिकृत बहुमान प्रदान होतो तिथलाच तो शब्द आहे: राष्ट्रपती भवनातला पद्म पुरस्कारांचा सोहळा, किंवा शाळेतल्या विद्यार्थी प्रतिनिधींचा पदग्रहण समारंभ.

मानाच्या पाहुण्यांची जोडी सर्वांत नाजूक. आपल्याकडे 'चीफ गेस्ट' पहिला आणि 'गेस्ट ऑफ ऑनर' त्याच्यानंतरचा. इंग्लंडमध्ये 'गेस्ट ऑफ ऑनर' म्हणजेच प्रमुख पाहुणा. एका संस्थेच्या पत्रिकेत लंडनहून येणाऱ्या प्राध्यापकांना आम्ही 'गेस्ट ऑफ ऑनर' लिहिलं. त्यांनी मुख्य भाषण तयार करून आणलं आणि व्यासपीठावर कळलं की मुख्य भाषण दुसऱ्यांचं आहे. त्यांनी समजूतदारपणे दहा मिनिटांत आवरलं, पण त्यांच्या हातातले न वाचलेले कागद मला अजून दिसतात. परदेशी पाहुणा असेल तर नावापुढे काम लिहा: उद्घाटक, मुख्य वक्ता, अध्यक्ष. मानाची उतरंड देशोदेशी बदलते, काम बदलत नाही.

'इनॉगरेशन' की 'ओपनिंग'? अमेरिकेत पहिला शब्द ऐकला की बहुतेकांना राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आठवतो. १९३७ पासून तो २० जानेवारीला होतो. दुकान, दवाखाना, वाचनालय यांना तिकडे 'ओपनिंग' पुरतं. पुतळा किंवा कोनशिला असेल तर 'अनव्हेलिंग', म्हणजे अनावरण. माझा कल साध्या 'ओपनिंग'कडे असतो, पण 'इनॉगरेशन'चं मूळ कळल्यापासून त्या शब्दाबद्दल माया वाटते. रोममध्ये 'ऑगर' नावाचे पुरोहित पक्ष्यांचं उडणं पाहून कौल सांगत, त्यावरून तो आला. 'ऑस्पिशस', म्हणजे शुभ, हासुद्धा पक्षी पाहण्यावरूनच. आणि आपला 'शकुन'? संस्कृतात त्याचा अर्थ पक्षी. या तीन शब्दांत दोन संस्कृतींनी आभाळाकडे पाहिलेलं आहे.

पदवीदानाचं सोपं आहे. भारतात 'कॉन्व्होकेशन', अमेरिकेत 'कमेन्समेंट', इंग्लंडमध्ये 'ग्रॅज्युएशन'. ज्या विद्यापीठाचा सोहळा, त्याचाच शब्द घ्यावा.

महोत्सवाचं तेवढं सोपं नाही. २५ ला 'सिल्व्हर', ५० ला 'गोल्डन' इथपर्यंत एकवाक्यता आहे, ६० ला बहुतेक जण 'डायमंड' म्हणतात. ७५ वर्षांच्या अमृतमहोत्सवाला आपण 'प्लॅटिनम ज्युबिली' म्हणतो, पण राणी एलिझाबेथ यांची २०२२ ची प्लॅटिनम ज्युबिली ७० वर्षांची होती. त्यामुळे '७५ वर्षं' असा आकडाच छापावा.

नावाआधीच्या उपाध्यांबद्दल मी आग्रही आहे. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना देशांतर्गत कार्यक्रमांसाठी 'हिज एक्सलन्सी' वापरू नये असं राष्ट्रपती भवनाने ठरवलं. तेव्हा 'एक्सलन्सी' आणि 'ऑनरेबल' यांत 'ऑनरेबल' निवडा. 'पद्मश्री', 'पद्मभूषण' ही तर नावाला जोडायचीच नाहीत, पुढेही नाही आणि मागेही नाही. हे पुरस्कार आहेत, किताब नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. खाली परिचयात 'पद्मश्रीने सन्मानित' लिहा, त्यात काही कमी होत नाही.

लग्नपत्रिकेत 'ऑनर ऑफ युवर प्रेझेन्स' आणि 'प्लेझर ऑफ युवर कंपनी' यांत गोंधळ होतो. पाश्चात्त्य रिवाजात पहिलं वाक्य धार्मिक विधीसाठी आणि दुसरं स्वागतसमारंभासाठी असतं. मुहूर्ताच्या पत्रिकेवर पहिलं, संध्याकाळच्या जेवणाच्या पत्रिकेवर दुसरं घ्या.

उरतात घरची कार्यं. वास्तुशांतीला 'हाउसवॉर्मिंग' म्हटलं की जेवणावळ कळते, होम कळत नाही. डोहाळजेवणाला 'बेबी शॉवर' म्हटलं की ओटी आणि फुलांची वाडी दोन्ही गळून पडतात. मुंजीला 'थ्रेड सेरेमनी' म्हणतात, ते निदान जानव्यापर्यंत पोचतं. 'सेरेमनी' आणि 'रिच्युअल' यांत मी 'सेरेमनी' घेते, कारण बोलण्यातल्या इंग्रजीत 'रिच्युअल'ला नुसत्या सवयीचाही वास येतो, अगदी सकाळच्या चहाचासुद्धा. तरी इथे मूळ मराठी शब्द रोमन लिपीत ठेवून खाली एक ओळ समजावून लिहावी, हा पर्याय मला सर्वांत खरा वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात टोरांटोच्या एका कुटुंबाची मुंजीची पत्रिका आली होती. आईने विचारलं, "मातृभोजनाला 'लंच विथ मदर' लिहू का?" आम्ही 'मातृभोजन' तसंच ठेवलं आणि त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं: आईच्या ताटात तिच्यासोबत शेवटचं जेवण, यानंतर तो विद्यार्थी. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हीच ओळ मराठी बाजूलाही छापा."