अंटार्क्टिक सागरतळाचा अभ्यास: जाळे, कोअरर की कॅमेरा?

अंटार्क्टिकाच्या सागरतळावरील जीवसृष्टीच्या अभ्यासाचा प्रकल्प आखताना साधनाची निवड लवकर करावी लागते, आणि पर्याय प्रामुख्याने तीन असतात: तळावरून ओढायचे ट्रॉल जाळे, गाळाचा ठोकळा (कोअर) कापून वर आणणारा बॉक्स कोअरर आणि जहाजामागून तळालगत ओढला जाणारा कॅमेरा. तिन्ही साधने विज्ञानाच्याच कामाची आहेत, पण त्यांच्या वापराने तळाची होणारी हानी मुळीच सारखी नाही.

आधी क्षेत्रफळाचा हिशेब करावा. तीन मीटर रुंदीचे अगासिझ ट्रॉल एक नॉट वेगाने दहा मिनिटे ओढले, तर सुमारे ९०० चौरस मीटर तळ खरवडला जातो. बॉक्स कोअररचा चौकोन साधारणपणे पाव चौरस मीटरचा असतो. म्हणजे ट्रॉलच्या एका फेरीत साडेतीन हजारांहून अधिक कोअरइतका तळ ढवळला जातो. कॅमेरा तळापासून दीड-दोन मीटर उंचीवरून जातो आणि तळाला स्पर्शही करत नाही.

मात्र निवड केवळ हानीवर ठरवू नये. कोणत्या साधनाने काय दिसते हेही पाहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाने वेडेल समुद्राच्या दक्षिण भागात कॅमेरा ओढला, तेव्हा निओपॅजेटॉप्सिस आयोना या हिममत्स्याची घरटी मैलोन्‌मैल दिसत राहिली. सुमारे २४० चौरस किलोमीटरांत अंदाजे सहा कोटी घरटी, बहुतेकांवर राखणीला एक प्रौढ मासा आणि राखणीतल्या घरट्यात सरासरी १,७३५ अंडी, असे या वसाहतीचे वर्णन जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ट्रॉलची वर सांगितलेली एक फेरी झाली असती, तर याच घनतेच्या हिशेबाने सव्वादोनशेच्या आसपास घरटी मोडली असती आणि डेकवर आलेल्या माशांच्या ढिगावरून तळावर अशी वसाहत आहे याचा पत्ताही लागला नसता, कारण घरट्यांची मांडणी, त्यांतील अंतर आणि राखण करणारा मासा या गोष्टी जाळ्यात येत नाहीत.

पुन्हा त्याच जागी जाऊन बदल मोजायचा असेल, तर कॅमेऱ्याची बाजू आणखी भक्कम होते. लार्सन ए ही अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतची हिमकपाट (समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर) १९९५ मध्ये कोसळल्यावर मोकळ्या झालेल्या तळावर २००७ आणि २०११ मध्ये दूरनियंत्रित यानाने चित्रण केले गेले. तेव्हा अत्यंत संथ वाढणारे मानले जाणारे काचस्पंज चार वर्षांत संख्येने तिप्पट आणि जैवभाराने दुप्पट झाल्याचे आढळले. पहिल्या भेटीतच तेथे जाळे ओढले असते, तर दुसऱ्या भेटीत मोजण्यासाठी मूळ स्थितीच उरली नसती.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही ठळक आहेत. स्पंजाची जात ठरवायला त्याच्या शरीरातील सूक्ष्म काट्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते, जनुकीय अभ्यासाला ऊतक लागते आणि गाळात पुरून राहणारे कृमी व शिंपले छायाचित्रात उतरत नाहीत. गाळातील जिवांसाठी कोअररला पर्याय नाही. पण खडकाळ तळावर तो अडखळतो आणि विरळ आढळणारे मोठे जीव त्याच्या पाव चौरस मीटरात क्वचितच सापडतात. अशा जिवांचे नमुने अनेक ठिकाणांहून हवे असतील, तेव्हा ट्रॉलचा आग्रह समजण्यासारखा असतो.

ट्रॉलच्या समर्थनार्थ असेही म्हटले जाते की हिमनग तसाही तळ खरवडतातच. ते खरे आहे, विशेषतः उथळ भागात. पण हिमनग चांगला नमुना मिळाला म्हणून पुढच्या मोसमात त्याच जागी मुद्दाम परत येत नाही, संशोधन जहाज येते.

नियमांची बाजूही पाहावी. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीचा १९९१ चा माद्रिद करार प्रत्येक नियोजित कामाच्या पर्यावरणीय परिणामांचे पूर्वमूल्यांकन मागतो. भारतीय संशोधकांसाठी २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा परवाना बंधनकारक करतो आणि मोहिमांचे आयोजन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. मात्र संरक्षित क्षेत्र म्हणजे जाळ्याला मज्जाव, असे गृहीत धरू नये. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या लो बेटाच्या दक्षिणेकडील उथळ तळाला विशेष संरक्षण मिळाले, त्यामागचे एक कारणच असे की अमेरिकेच्या पामर संशोधन केंद्राच्या परिसरात संशोधनासाठी तळजाळे ओढता येण्याजोग्या ज्ञात जागा दोनच होत्या आणि ही त्यांतली एक होती.

माझ्या मते प्रस्तावात पहिली फेरी कॅमेऱ्याची असावी, तिच्या चित्रणावरून कोअरच्या मोजक्या जागा निवडाव्यात आणि ट्रॉल मागायचे असल्यास कोणत्या प्रश्नाचे उत्तर उरलेल्या दोन साधनांनी मिळत नाही, ते जातींच्या नावांसह लिहावे. कॅमेऱ्यात घरटी किंवा दाट स्पंजवस्ती दिसल्यास जाळे पाण्यात उतरणार नाही, ही अटही प्रस्तावातच नमूद करावी. जहाजाचे दिवस मोजके असतात आणि जाळे डेकवर तयार असताना हा निर्णय घेणे फार अवघड जाते.